सिडनीतला ‘बारा’ : मूळ रहिवाशांचा मान की शहराची सजावट?

पॅरामॅटाकर
ऑपेरा हाऊसचे फोटो काढून झाले की पाहुण्यांना मी मागच्या उंचवट्यावर, बोटॅनिक गार्डनच्या हिरवळीवर नेतो. २०२२ पासून तिथे सहा मीटरहून उंच, पांढराशुभ्र, चंद्रकोरीसारखा वळलेला, मासे धरायचा गळ उभा आहे. नाव ‘बारा’, म्हणजे इथल्या मूळ भाषेत शंखाचा गळ. शिल्पकार ज्यूडी वॉटसन. गदिगल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या बायका शंख घासून असे गळ करायच्या. झाडाच्या सालीची दोरी, सालीचीच होडी, होडीत मातीवर पेटता विस्तव, आणि लाटांवर मासेमारी. सिडनीच्याच हाइड पार्कात कॅप्टन कुकचा पुतळा १८७९ पासून हात उंचावून उभा आहे. त्याने १७७० मध्ये हा प्रदेश ‘शोधला’ असं चौथऱ्यावर कोरलंय. तो ‘शोधत’ होता तेव्हा या बायका मासे धरत होत्या. शहराचा वारसा इतका नेमका सांगणारं दुसरं शिल्प मला तरी सिडनीत दिसलेलं नाही.

खडूस_काका
बारा उभारला, छान. सातबारा कुणाच्या नावावर? ‘ही जमीन कुणाचीच नव्हती’ हे तत्त्व ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या माबो निकालाने मोडलं खरं, पण जी जमीन आधीच खासगी मालकीची झाली तिथला मूळ हक्क संपला असंच धरतात. ऐन सिडनीत मग उरलं काय? ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात आदिवासींचं नुसतं सल्ला देणारं मंडळ घटनेत घालायचं होतं. साधारण साठ टक्के लोकांनी नाही म्हटलं. आपण इथले मराठी लोकही गणेशोत्सवाच्या सुरुवातीला ‘या भूमीच्या पारंपरिक राखणदारांना वंदन’ वाचतो आणि लगेच आरतीला लागतो. तसंच हे.

दर्यावर्दी
मुळात वॉटसन गदिगल नाहीत. त्या वान्यी, म्हणजे क्वीन्सलंडच्या वायव्य कोपऱ्यातल्या. वरळी कोळीवाड्याचं शिल्प भामरागडच्या माडियाने करावं, असं झालं हे. सगळे आदिवासी एकच, या समजुतीला खतपाणी.

पॅरामॅटाकर
@दर्यावर्दी, मुद्दा रास्त, पण अर्धाच. पूर्वजांच्या वस्तू परदेशी संग्रहालयांच्या कपाटात जाऊन कशा बसल्या, हा वॉटसन यांचा जुना विषय. ब्रिटिश म्युझियममधल्या अशा वस्तूंवर त्यांनी नव्वदच्या दशकातच काम केलंय. गळाकडे ‘किती सुबक’ एवढ्याच नजरेने पाहणारी बाई नाही ती.

@काका, जागा कुठली ते पाहा. खालच्या बेनेलाँग पॉइंटवर, म्हणजे आज ऑपेरा हाऊस आहे त्याच टोकावर, पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेल्या शिंपल्यांचे ढीग होते. इंग्रजांकडे चुना नव्हता. त्यांनी ते ढीग भाजून चुना पाडला आणि गव्हर्नरच्या घरासाठी वापरला. त्या टोकाला चुनाभट्टीवाल्यांचं टोक असंच म्हणायचे. इथल्यांच्या जेवणाच्या खुणा वसाहतीच्या भिंतींत गेल्या! त्याच जागेच्या डोक्यावर शंखाचा गळ उभा राहतो, त्याला सजावट कसं म्हणू?

नीता_ब्लॅकटाउन
सजावट बघायची तर बारंगारूला जा. बारंगारू ही ज्याचं नाव बेनेलाँग पॉइंटला आहे त्या इथल्या आदिवासी बेनेलाँगची बायको, स्वतः मासेमारीण आणि मोठी बाणेदार. गोऱ्यांनी जाळं टाकून एकदम ढीगभर मासे ओढले आणि त्यातले पुरुषांना वाटले, तेव्हा ती भडकली होती, कारण मासे आणणं हा बायकांचा मान. तिच्या नावाच्या भागात आज कॅसिनोचा टॉवर आहे. नाव द्यायला काही पडत नाही. त्यामानाने ‘बारा’ निदान बायकांच्या कामाबद्दल बोलतो.

मुळामुठा
मग कुकला काढायचं का? २०१७ मध्ये रंग फासलाच होता.

नीता_ब्लॅकटाउन
राहू दे. खालचा मजकूर बदला.

खडूस_काका
चुन्याची गोष्ट जबरदस्त आहे, पण तिने माझंच म्हणणं पक्कं होतं. घेतलं ते शिंपले आणि जमीन, परत दिलं काय? दगड. न्यू साउथ वेल्समध्ये १९८३ पासून कायदा आहे. वापरात नसलेल्या सरकारी जमिनीवर आदिवासी भूमी परिषदा दावा लावू शकतात. असे हजारो दावे वर्षानुवर्षं निकालाविना पडून आहेत. आधी ते निकाली काढा, मग शिल्पं.

पॅरामॅटाकर
दावे राज्य सरकारकडे, शिल्प सिडनी सिटी कौन्सिलचं. शिल्प थांबवून एकही फाइल पुढे सरकणार नाही.

खडूस_काका
माहीत आहे. पण उद्घाटनाला टाळ्या वाजवायला सगळे एकत्र येतात, आणि जमिनीचं विचारलं की प्रत्येक जण दुसऱ्या कार्यालयाकडे बोट दाखवतो. आत्ता तुम्हीही तेच केलंत.