पोलीस संघटनांनी संसदेत वजन वापरावं का? निमित्त: अमेरिकेतला पेन्शनचा कायदा

ओहायोकर

जाता जाता बायडन यांनी ५ जानेवारी २०२५ला 'सोशल सिक्युरिटी फेअरनेस अ‍ॅक्ट'वर सही केली. आमच्याकडच्या मराठी मंडळींत त्यावर चर्चा झाली ती 'बाबांचा चेक वाढला' एवढीच. तो कायदा कुणी रेटला याकडे कुणाचं लक्ष नाही, म्हणून हा धागा.

थोडक्यात प्रकरण असं. ओहायो, टेक्सस, लुइझियाना, मॅसॅच्युसेट्स अशा राज्यांत पुष्कळसे पोलीस, अग्निशमनवाले आणि शिक्षक सोशल सिक्युरिटीत, म्हणजे पगारातून कापून म्हातारपणी पेन्शन देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेत, नसतात. त्यांना राज्याची वेगळी पेन्शन. पण याच माणसाने आधी किंवा नंतर खासगी नोकरी केली, तिथे सोशल सिक्युरिटी कापून घेतली, तरी म्हातारपणी त्या रकमेला १९८३च्या नियमाने कात्री लागायची. २०२४मध्ये ही कात्री महिन्याला ५८७ डॉलरपर्यंत जात होती. दुसरा नियम १९७७चा. त्यात स्वतःच्या सरकारी पेन्शनच्या दोन तृतीयांश इतकी रक्कम जोडीदाराच्या नावे मिळणाऱ्या लाभातून वजा व्हायची. म्हणजे शिक्षिकेची पेन्शन ३००० असेल आणि नवऱ्यामागे १८०० मिळणार असतील, तर त्यातून २००० वजा. हाती भोपळा.

हे दोन्ही नियम या कायद्याने गेले. ते काढा म्हणून शिक्षक आणि अग्निशमन संघटनांच्या बरोबरीने अनेक वर्षं वॉशिंग्टनच्या पायऱ्या झिजवल्या त्या 'फ्रेटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस'ने. १९१५मध्ये पिट्सबर्गला स्थापन झालेली, आज साडेतीन लाखांहून जास्त सभासद असलेली संघटना. यांची पद्धत साधी आहे. वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या वकिलावर सगळं न सोडता गावोगावचे हवालदार राजधानीत नेऊन ज्याच्या त्याच्या खासदारासमोर बसवायचे. मतदारसंघातला पोलीस समोर बसल्यावर कुठला खासदार नाही म्हणेल?

माझं म्हणणं: पगार, पेन्शन, विमा, मृत पोलिसाच्या कुटुंबाची मदत यासाठी खुशाल लॉबिंग करा. पण पोलिसाने बळ कधी वापरावं आणि चुकलं तर त्याच्यावर दावा कसा चालावा, हे ठरवताना त्या संघटनेला नकाराधिकार असल्यासारखं वागवू नये. आज तसंच चाललंय.

तिरकस

ही लक्ष्मणरेषा कोण आखणार? डॉक्टरांच्या संघटनेने वैद्यकीय निष्काळजीपणाच्या कायद्यावर बोलायचं नाही का? शिक्षकांनी अभ्यासक्रमावर बोलायचं नाही? 'पेन्शन मागा, पण कामाबद्दल तोंड उघडू नका' असं कोणत्याच कामगाराला सांगत नाहीत.

ओहायोकर

बोलावं की! डॉक्टरांच्या कमरेला पिस्तूल नसतं आणि ते मला अटकही करू शकत नाहीत, एवढा फरक तुम्ही विसरताय. बाकी 'क्वालिफाइड इम्युनिटी'चंच घ्या. पोलिसाला दिवाणी दाव्यापासून वाचवणारं हे संरक्षण अमेरिकी संसदेने दिलेलं नाही, न्यायालयांनी घडवलंय. १९६७च्या एका निकालापासून सुरुवात, १९८२मध्ये आजचं रूप. नागरिकाचा हक्क पायदळी तुडवला तरी जवळजवळ तशाच प्रकरणात आधी कुठल्या न्यायालयाने स्पष्ट सांगितलेलं नसेल, तर पोलिसावरचा दिवाणी दावा बरेचदा तिथेच संपतो. २०२०मध्ये पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर हे काढणारं विधेयक प्रतिनिधीगृहात दोनदा मंजूर झालं. २०२१मध्ये २२० विरुद्ध २१२. सिनेटमध्ये सप्टेंबरात बोलणी फिसकटली. संघटना पहिल्यापासून या संरक्षणाला हात लावू नका म्हणून अडून होत्या.

तिरकस

अर्धीच गोष्ट सांगताय. सिनेटर बुकर यांच्याशी चर्चेला बसून मसुद्यावर बरंच पुढे जाणारी संघटना ही 'फ्रेटर्नल ऑर्डर'च होती. जास्त ताणून धरलं ते शेरीफांच्या संघटनेने आणि दुसऱ्या एका पोलीस महासंघाने. बोलणी मोडल्यावर 'फ्रेटर्नल ऑर्डर'वाल्यांनी पोलीसप्रमुखांच्या संघटनेसोबत नाराजीचं निवेदनही काढलं. २०१८च्या तुरुंग सुधारणेच्या 'फर्स्ट स्टेप' कायद्यालाही त्यांनी पाठिंबा दिला होता. टेबलावर बसवलं की तडजोड होते. बाहेर ठेवलं की फक्त घोषणा होतात.

आणि दावा लागला की पोलिसाचं घर विकलं जाईल, ही भीती खोटी आहे का?

ओहायोकर

बव्हंशी खोटी आहे. यूसीएलएच्या जोआना श्वार्ट्झ यांनी मोठ्या शहरांच्या नोंदी तपासल्या. पीडितांना मिळालेल्या पैशांपैकी पोलिसांच्या स्वतःच्या खिशातून गेलेला वाटा निघाला ०.०२ टक्के. बाकी सगळं नगरपालिका भरते, म्हणजे मी. घर विकलं जाण्याची भीती दाखवून खासदारांना जिंकायचं आणि बिल करदात्याच्या नावे, हे लॉबिंग मला पटत नाही.

खाकीतला मुलगा

तुमची ही चर्चा वाचून हेवा वाटतोय. माझे वडील मुंबई पोलिसात शिपाई होते. इथे 'संघटनेला किती वजन असावं' हा प्रश्नच नाही, कारण संघटनाच नाही.

नव्या लोकांना ठाऊक नसेल: महाराष्ट्रात पोलिसांची संघटना होती. ऑगस्ट १९८२मध्ये मुंबईत पोलीस संपावर उतरले, दंगल झाली, निमलष्करी दलं आणि लष्कर बोलवावं लागलं. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. संघटना मोडीत काढली, माणसं बडतर्फ झाली. आमच्या पोलीस लाइनीत पुढे कित्येक वर्षं तो विषय दबक्या आवाजातच निघायचा.

कायद्याने बघायचं तर घटनेचं कलम ३३ आणि १९६६चा पोलीस दल (हक्कांवर निर्बंध) कायदा. परवानगीशिवाय युनियन नाही, वर्तमानपत्राशी बोलणं नाही. त्यामुळे होतं काय, तर नवरा कवायतीला आणि मोर्चात बायका-पोरं. २०२१मध्ये गुजरातेत ग्रेड पेसाठी पोलिसांच्या घरच्यांनीच आवाज उठवला होता. आयपीएस अधिकाऱ्यांची असोसिएशन मात्र राजरोस चालते. साहेबाची संघटना म्हणजे असोसिएशन आणि शिपायाची म्हणजे बंड!

तेव्हा ओहायोकर, तुमच्याकडचा हवालदार खासदारासमोर खुर्चीवर बसतो, ही गोष्ट लहान समजू नका.

ओहायोकर

लहान समजतच नाही. संपाचा इतिहास इथेही आहे. १९१९मध्ये बॉस्टनच्या हजाराहून अधिक पोलिसांनी युनियनसाठी संप केला आणि सगळ्यांची नोकरी गेली. पण तुमच्या वडिलांना जो हक्क मिळायला हवा तो पगार, घर, ड्युटीचे तास यांसाठी. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी कशी व्हावी हे शिपायांच्या संघटनेने दिल्लीत जाऊन ठरवावं, असं तुम्हीही म्हणणार नाही.

खाकीतला मुलगा

का नाही म्हणणार? अशा चौकशीत आधी निलंबित कोण होतो? शिपाई. तोंडी हुकूम देणारा कागदावर कुठेच नसतो. 'तोंडी आदेश नोंदवणं सक्तीचं करा' ही मागणी शिपायांची संघटनाच करू शकते, तुम्ही-आम्ही नाही. जबाबदारी निश्चित करायची तर खालच्या माणसाचं ऐकावंच लागेल. केरळात पोलीस असोसिएशन आहे, तिथे काही आकाश कोसळलेलं नाही.

हिशेबनीस

तुम्ही सगळे एक गोष्ट गृहीत धरून बसलाय की पेन्शनचं लॉबिंग म्हणजे पुण्यकर्म. माझ्या मते यातलं सगळ्यात वाईट काम तेच आहे.

सोशल सिक्युरिटीचं सूत्र कमी पगारवाल्याला झुकतं माप देतं. सरासरी कमाईच्या पहिल्या टप्प्यावर ९० टक्के. आयुष्यातली दहाच वर्षं त्या खात्यात भरणारा पोलीस कागदावर गरीब दिसतो, प्रत्यक्षात त्याची भरभक्कम पेन्शन दुसरीकडे असते. १९८३चा नियम हा भास दुरुस्त करायला आला होता. ओहायोकरांनी वर दिलेलं शिक्षिकेचं उदाहरण उलटं करून बघा. जन्मभर खासगी नोकरी केलेल्या बाईंची स्वतःची सोशल सिक्युरिटी २००० असेल आणि नवऱ्यामागे १८०० असतील, तर त्यांना मिळतात फक्त २०००. नवऱ्याचे वरचे शून्य. आणि आता त्या शिक्षिकेला ३००० अधिक १८००. हा 'फेअरनेस'?

खर्च दहा वर्षांत सुमारे १९५ अब्ज डॉलर आणि जो निधी आधीच आटत चाललाय तो अंदाजे सहा महिने आधी संपणार. जुना नियम ओबडधोबड होता हे मान्य. नोकरीच्या वर्षांच्या प्रमाणात हिशेब करणारे प्रस्ताव ब्रॅडी आणि नील या दोन खासदारांनी मांडलेही होते. पण 'प्रमाणशीर सूत्र' या घोषणेवर गर्दी जमत नाही, 'चोरलेली पेन्शन परत द्या'वर जमते.

टेक्ससची बाई

हिशेबनीस, तुमचा हिशेब बरोबर असेल, पण तो माणसाला आधी कुणी सांगितला होता का? मी इथे सरकारी शाळेत शिकवते. माझ्या सहकारी बाई नवरा गेल्यावर चौकशीला गेल्या तेव्हा त्यांना कळलं की त्याच्या नावाचं काही मिळणार नाही. चाळीस वर्षं त्याच्या पगारातून कापलं जात होतं ते काय होतं मग?

आम्हा शिक्षकांचं कुणी ऐकत नव्हतं हेही खरं. पोलीस आणि अग्निशमनवाले सोबत आले तेव्हा रिपब्लिकन खासदार हलले. विधेयक समितीत अडकलं होतं, ते २१८ सह्यांच्या अर्जाने ओढून बाहेर काढलं. पुढे नोव्हेंबरात, निवडणुकीच्या दिवशी सभागृह ओस असताना दोन खासदारांनी ते गुपचूप बासनात गुंडाळलं होतं! आठवड्यात परत आणलं, ३२७ विरुद्ध ७५. सिनेटमध्ये ७६ विरुद्ध २०. एवढी एकी आजकाल कशावर दिसते?

हिशेबनीस

तीच तर माझी तक्रार. पैसे पुढच्या पिढीच्या नावावर वाटायचे असले की दोन्ही पक्षांची एकी होतेच.

तिरकस

शिवाय 'फ्रेटर्नल ऑर्डर'ला 'सर्वशक्तिमान' समजू नका. ट्रम्पना तीनदा जाहीर पाठिंबा देऊन काय मिळालं? २० जानेवारी २०२५ला त्यांनी ६ जानेवारी २०२१च्या संसदेवरच्या हल्ल्यातल्या सुमारे दीड हजार आरोपींना माफी दिली, त्यात पोलिसांना मारणारेही आले. संघटनेला दुसऱ्याच दिवशी नापसंतीचं निवेदन काढावं लागलं. देशभरातल्या पोलिसांना सामुदायिक वाटाघाटीचा हक्क देणारं विधेयक २००७मध्ये प्रतिनिधीगृहात ३१४ मतांनी मंजूर झालं होतं, ते अजून कायदा झालेलं नाही.

ओहायोकर

म्हणजे स्वतःच्या हक्काचं विधेयक पास करून घेता येत नाही, पण दुसऱ्याचं अडवता येतं. मी म्हणतोय ते हेच वजन. अमेरिकी सिनेटमध्ये अडवायला फार थोडी ताकद लागते.

नवखा_न्यूजर्सी

मोठ्यांच्या भांडणात मध्येच विचारतो. माझे सासरे महाराष्ट्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन इकडे आले, इथे बारा वर्षं नोकरी केली. तिकडची पेन्शन आहे म्हणून इथली सोशल सिक्युरिटी कापून येत होती. पोलीस-शिक्षकांचा हा कायदा त्यांना लागू आहे का?

हिशेबनीस

आहे. १९८३चा नियम परदेशी पेन्शनलाही लागायचा आणि भारताशी अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी करार नाही. आता नियमच गेला. जानेवारी २०२४पासूनचा फरक मिळायला हवा. ते आधीपासून पैसे घेत असतील तर वेगळा अर्ज नको, फक्त पत्ता आणि बँक खातं बरोबर आहे का ते बघा. सासूबाईंनी 'काही मिळणार नाही' म्हणून जोडीदाराच्या लाभाचा अर्जच केला नसेल, तर तो मात्र आता करावा लागेल, आणि उशीर करू नका. मागच्या महिन्यांचे पैसे मर्यादितच मिळतात.

(माझा विरोध कायम आहे, पण अर्ज करा.)