कोलंबोचा 'कमोडोर' भाग : एवढाही टाकाऊ नाहीये हो!

शेवटचा_डबा :
कोलंबो म्हणजे ती जुनी अमेरिकन टीव्ही मालिका, पीटर फॉक झालेला लॉस एंजेलिसचा गबाळा पोलीस गुप्तहेर. परवा इथे "कोलंबोचे टाकाऊ भाग" अशी यादी आली आणि पहिल्या नंबरावर 'लास्ट सॅल्यूट टू द कमोडोर' हा भाग. वर शेरा काय, तर "पीटर फॉक प्यायलेला वाटतो, दीड तास पाण्यात". दोन ओळी लिहायला बसलो त्याचं हे झालं. काल रात्री मुद्दाम लावला आणि पहिल्यांदाच अख्खा बघितला, म्हणजे ताजा ताजा बोलतोय.

भाग विचित्र आहे, मान्य. कोलंबो कुजबुजतो काय, संशयिताच्या खांद्यावर हात टाकून नाकाला नाक लागेल इतका खेटतो काय, मांडी घालून ध्यानाला बसतो काय. पण मे १९७६ मधला प्रेक्षक डोळ्यासमोर आणा. पाच वर्षांची सवय, आधी खून दिसणार, खुनी दिसणार, मग चुरगळलेल्या कोटातला आपला कोलंबो येणार. इथे सुरुवातीला जावई सासऱ्याचं, म्हणजे त्या कमोडोरचं, प्रेत रात्री बोटीतून न्यायला लागतो, आणि जावई कोण तर रॉबर्ट वॉन, जो आदल्याच वर्षी कोलंबोच्याच 'ट्रबल्ड वॉटर्स' भागात जहाजावर खून करून गेलेला. आपण म्हणणार हाच, अजून काय बघायचं. आणि मध्यावर तोच मेलेला सापडतो! मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो. मालिकेनेच लावलेली सवय मालिकेनेच मोडली, आणि तुम्ही याला टाकाऊ म्हणता?

वरणफळ :
यादी माझीच, आणि नंबरही तोच राहणार. कोलंबो बघायचा तो खुनी कोण हे ओळखायला नाही हो. बंगलेवाला माजोरडा माणूस आधी या गबाळ्याला हसतो आणि तासाभरात कसा घामाघूम होतो, ते बघायला. खुनीच झाकून ठेवला तर उरलं काय? शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून भाषण, ते तर कुठलाही गुप्तहेर करतो.

आणि दिग्दर्शन पॅट्रिक मॅकगूहनचं, फॉकचा खास दोस्त. याच माणसाने कोलंबोच्याच 'बाय डॉन्स अर्ली लाइट' भागात तो लष्करी शाळेचा कर्नल काय केला होता, टीव्हीचं एमी बक्षीस मिळालं त्याला. इथे दोघांनी मिळून गॅदरिंग केलंय. दोस्तांना एकमेकांचं सगळंच भारी वाटतं, बघणाऱ्याचं काय ते बघणारा जाणे.

गाजर_आणि_किटी :
गॅदरिंग म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी लहानपणी करमचंद बघितला नव्हता का? पंकज कपूर गाजर खात खात खुनी पकडायचा, मध्येच "शटअप किटी". १९८५ साली अख्खी चाळ आमच्या एका टीव्हीसमोर, त्यात कोणी लॉजिक विचारलं नाही. गुप्तहेर थोडा सर्कसवालाच पाहिजे. सीआयडीत दार तोडलं की हसता ना, पण बघता.

वरणफळ :
करमचंद पहिल्या मिनिटापासून सर्कसच होता ताई. कोलंबो नव्हता. पुरणपोळीत मध्येच मिरची लागली तर मिरचीचं कौतुक करायचं का?

डोलकाठी :
भावांनो, बोटीबद्दल कोणी बोलणार आहे का? मी बावीस वर्षं जहाजावर काढली, गाव रत्नागिरीकडचं. शिडाचा तो आडवा दांडा, बूम, वारा फिरला की सपकन इकडून तिकडे येतो आणि कवटी फोडू शकतो, आमच्या माहितीतला एक धडधाकट माणूस असाच गेला. त्यामुळे बूम लागून म्हातारा पाण्यात पडला हा जावयाचा बनाव अगदी पटण्यासारखा आहे. वैताग वेगळाच. पैसेवाल्यांच्या बोटी दाखवतात तेव्हा लाइफ जॅकेट म्हणून कोणाच्या अंगावर नसतं. आमच्याकडे हौशी लोक बोटीत बसतात तेही असेच, जॅकेट दिलं तर फोटोत जाड दिसतो म्हणून काढून ठेवतात.

वरणफळ :
लाइफ जॅकेटचा आणि कोलंबोचा संबंध?

डोलकाठी :
तुमच्या पुरणपोळीचा जेवढा आहे तेवढाच.

आबा_वकील :
मुख्य गोष्ट राहिलीच. तो शेवट कुठल्या कोर्टात टिकेल? कोलंबो एकेकाच्या कानाला घड्याळ लावतो, टिकटिक ऐकवतो, म्हणतो कमोडोरचं घड्याळ. कमोडोरचा पुतण्या स्वॅनी ऐकतो आणि बोलून जातो "टिझन्ट", म्हणजे हे ते नव्हेच. का, तर खरं घड्याळ फुटलंय हे खुन्यालाच माहीत. वा! या एका शब्दावर माणूस आत? आपल्याकडे पोलिसांपुढची कबुलीसुद्धा आरोपीविरुद्ध चालत नाही, जुन्या पुरावा कायद्यात २५ कलम, आता नव्या अधिनियमात २३. कबुलीची ही गत, तर "टिझन्ट"ला कोण विचारतो? माझ्यासमोर आला असता तर पहिल्या तारखेला जामीन.

गाजर_आणि_किटी :
आबा, स्पॉयलर लिहायचं की आधी!! मी आज रात्री बघणार होते.

आबा_वकील :
पन्नास वर्षं होत आली त्या भागाला. अजून किती दिवस गुपित ठेवू?

शेवटचा_डबा :
वकीलसाहेब, लॉस एंजेलिसात कुठलं आलंय तुमचं २५ कलम. आणि कोर्टात टिकेल का हा प्रश्नच नाही, माणूस सापडतो का हा आहे. सापडतो! स्वतः करून बघितलंय. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो, २०१६ ची गोष्ट. गच्चीवरच्या टाकीत कोणीतरी रंगाचा डबा उपडा केला, तीन दिवस बत्तीस बिऱ्हाडं टँकरवर. कोणी कबूल होईना. मी सभा बोलावली आणि मुद्दाम म्हणालो, निळा रंग पाण्यात गेला, आरोग्याला घातक आहे, लॅबला पाठवतोय. रंग हिरवा होता, आणि ते फक्त मला आणि प्लंबरला माहीत, बाकीच्यांना पाणी बंद एवढंच सांगितलेलं. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ उठून म्हणाले, "निळा कुठे होता?" संपलं. सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. ही युक्ती मी कमोडोरवरूनच उचललेली.

आबा_वकील :
आणि पुढे काय केलंत? एफआयआर?

शेवटचा_डबा :
टाकी साफ करायचा खर्च त्यांनी भरला. गुपचूप.

आबा_वकील :
म्हणजे सभेत चारचौघांत दबाव टाकून पैसे काढलेत. त्या गृहस्थाने गच्चीवर जाऊन नुसतं झाकण उघडून बघितलं असेल तर? प्लंबर त्यांच्याकडे चहाला थांबला असेल तर? रंग माहीत असणं आणि रंग ओतणं या दोन गोष्टी आहेत, स्वॅनीलाही हेच लागू. मी स्वतः एका सोसायटीत असाच विनाकारण दोषी ठरलोय, पार्किंगमधल्या ओरखड्यावरून, आणि दीड वर्ष लिफ्टमध्ये कोणी बोलत नव्हतं माझ्याशी. म्हणून असले सेक्रेटरी डोक्यात जातात.

शेवटचा_डबा :
असले म्हणजे कसले? तोंड सांभाळून बोला. फुकट काम केलं सहा वर्षं, शिव्या खाल्ल्या, बायकोने बोलणं सोडलं.

वरणफळ :
दोघं शांत व्हा. आबा, तुमचं एक चुकतंय, त्याच पुतण्याने जावयाच्या बायकोचा ब्रोच प्रेताजवळ टाकलेला असतो आणि बायकोनेच मारलं असं समजून जावई सगळं झाकायला जातो. म्हणजे नुसतं घड्याळ नाही, आधीची साखळी आहे. (हे मी म्हणतोय, यादीवाला. हसू नका.) ब्रोचचं ते वळण चांगलं आहे, तेवढं देतो. बाकी भाग रडका तो रडकाच. कोलंबोच्या त्या पडक्या पूजो गाडीत तीन पोलीस कोंबले म्हणजे विनोद झाला असं ज्याला वाटतं त्याच्याशी माझं जमणार नाही.

गाजर_आणि_किटी :
मला तर ती गाडीच आवडते. आणि एक, फक्त एकच शेवटचं विचारायचं राहिलं डबासाहेब.

शेवटचा_डबा :
विचारा.

गाजर_आणि_किटी :
तुम्ही वर पहिल्याच पोस्टीत लिहिलंय की भाग काल रात्री पहिल्यांदाच अख्खा बघितला. घड्याळ तर अगदी शेवटी येतं, आबांनीच फोडलं. मग २०१६ च्या सभेत ते उचललंत कुठून?

आबा_वकील :
😂😂 साक्षीदार फुटला.

डोलकाठी :
मध्यावर सोफ्यावरून उठून उभे राहिलेत तेव्हाच मला शंका आलेली. आधी निम्मा बघितला असता तर वॉन मरतो हे माहीत नसतं का.

शेवटचा_डबा :
पूर्वी कधीतरी लावला होता, वीस मिनिटांत झोप लागली, एकदम शेवटी जाग आली तेव्हा ते घड्याळ चालू होतं. मधलं काल बघितलं. झालं समाधान?

वरणफळ :
वीस मिनिटांत झोप लागली ना. हेच तर मी यादीत लिहिलं होतं.