पहिल्या कथेतून भेटलेली लेखिका

आज पुस्तकांचा कप्पा आवरताना 'ऑन द प्राउल' हाती आलं. २००७चा कथासंग्रह, चार लेखिकांच्या चार पॅरानॉर्मल कथा. घेतला होता दुसऱ्याच एकीसाठी. पॅट्रिशिया ब्रिग्ज हे नावही तेव्हा माहीत नव्हतं. तिची 'अल्फा अँड ओमेगा' वाचली आणि बाकीच्या तिघी राहूनच गेल्या. अ‍ॅना वेअरवुल्फ आहे, म्हणजे लांडगा होणारी माणूस, शिकागोच्या कळपात तिला सगळ्यांच्या पायाखाली ठेवलेलं. पेपरात हरवलेल्या मुलाचा फोटो दिसतो, ती त्याला ओळखते आणि धीर करून फोन लावते. मग त्या फोनमुळे चार्ल्स येतो, तोही वेअरवुल्फच. त्याच्या आतला लांडगा आयुष्यभर धुमसत असलेला, तो तिच्याजवळ येताच निवतो. पुस्तक मांडीवर ठेवून मी बराच वेळ नुसती बसले होते. आवरणं आज बोंबललं, परत वाचतेय.
तुम्हाला अशी मालिकेच्या पहिल्या कथेतून कोण भेटली? लिहा ना.

रातराणी: क्रेस्ली कोल!! 'द वॉरलॉर्ड वॉन्ट्स फॉरएव्हर', २००६. तीही संग्रहातलीच. मिस्ट आणि निकोलाय. पुढची कादंबरी मिळेपर्यंत जिवाला चैन नव्हतं.

पानवेल: मी उलटीकडून शिरले. थेट ब्रिग्जची अ‍ॅना-चार्ल्सची कादंबरी 'क्राय वुल्फ' घेतली, पाठीवर 'पहिलं पुस्तक' लिहिलेलं. चार्ल्स आधीच जखमी, दोघांचं आधीच जुळलेलं, मला वाटलं माझ्या प्रतीतली पानंच गळाली आहेत. नंतर कळलं की सुरुवात त्या कथेत आहे. प्रकाशकाने पहिल्या पानावर एक ओळ टाकायला हवी होती, अजून राग आहे मला.

रातराणी: @पानवेल अगदी! ती कथा नंतर वेगळं ई-बुक म्हणूनही आली, संग्रह शोधत बसू नका.

निशाचर: माझी नलिनी सिंग. 'स्लेव्ह टु सेन्सेशन'. कथा नाही, कादंबरी, पण मालिकेचं दार तेच, म्हणून चालवून घ्या. बाबा दवाखान्यात होते, रात्री मी त्यांच्याजवळ. साशाच्या लोकांना भावना दाबून टाकायलाच शिकवलेलं, आणि तिच्या आत सगळं उसळतंय, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. मीही तेव्हा सगळ्यांसमोर तसाच चेहरा करून बसायचे. त्या पुस्तकाने मला पहिल्यांदा रडू दिलं.

पानवेल: निशाचर, बाबा आता कसे आहेत?

निशाचर: बरे आहेत गं. फिरायला जातात रोज.

धागाकर्ती: वाचून बरं वाटलं निशाचर. अ‍ॅनाचंही तसंच की. ती ओमेगा आहे, म्हणजे कळपाच्या उतरंडीबाहेरची, बाकीच्यांना शांत करणारी, दुबळी नाही, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. मोठ्या कादंबरीत हे उलगडायला तीनशे पानं लागली असती. छोट्या कथेत लेखिकेला लपायला जागा नसते, हात लगेच कळतो. म्हणून मी नवीन लेखिका अशीच निवडते.

चांदणवेळ: व्हॅम्पायर असलेलं सुचवा कुणीतरी. लांडगे नकोत.

रातराणी: कोलच घे. निकोलाय व्हॅम्पायरच आहे, मिस्ट वाल्कीरी, म्हणजे नॉर्स पुराणातली युद्धकन्या.

नवी वाचक: ब्रिग्जची ती दुसरी, मर्सीची मालिका आधी वाचायला लागेल का?

धागाकर्ती: नाही लागत. पण त्यातलं पहिलं, 'मून कॉल्ड' वाचलं असेल तर पेपरातला तो मुलगा कोण हे कळतं आणि पोटात तुटतं. जास्त सांगत नाही.

नवी वाचक: ई-बुक घेतलं. तिने फोन लावलाय, इथवर आले. बाळ उठलं, उरलेलं रात्री.