थंडीत कोंबड्यांचं आंबवण आंबतच नाही, काय करू? (बजेट ५०० रुपये)

मागचं_अंगण (मानेवाडा, नागपूर), १४ डिसेंबर
नमस्कार मंडळी. घरामागे ९ कोंबड्या आणि १ कोंबडा आहे. ४ गिरिराज, बाकी गावरान. पावसाळ्यापासून खाद्य आंबवून देते. निम्मं लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य), निम्मी कनकी आणि भरडलेला मका, वर पाणी. ऑक्टोबरात दुसऱ्याच दिवशी ताकासारखा वास यायचा, बुडबुडे दिसायचे. आता रात्री पारा ९-१० वर येऊन राहिला, तर तीन दिवस झाले तरी बादलीत काही हालचाल नाही. अंडीही ७ वरून ३ वर आली. आंबवण कमी पडलं म्हणूनच असेल ना? त्यासाठी काय विकत घ्यावं ते सांगा. बजेट ५०० रुपये, वर एक रुपया नाही. सासूबाई बादली स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत.

कामठीरोड_शेड
थर्मोस्टॅटवाला हीटिंग पट्टा घ्या, डोळे मिटून. मला २,८०० ला पडला, दोन हिवाळे झाले, तक्रार नाही. ड्रमला गुंडाळायचा, २५ अंशांवर लावायचा, आज संध्याकाळी घातलं की परवा सकाळी तयार. ६० पक्षी आहेत माझ्याकडे, एक दिवस खंड नाही. ड्रम पण चांगला घ्या, ५० लिटरचा, जाड प्लास्टिकचा. स्वस्तातलं घेतलं की दोनदा पैसे जातात.

मागचं_अंगण
भाऊ, दहा पक्ष्यांना ५० लिटर? एका पक्ष्याला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम धरलं तरी आमच्याकडे सव्वा किलोही लागत नाही. आणि बजेट ५०० लिहिलं आहे.

हिंगण्याची_ताई
पट्टा-बिट्टा काही नको. हिवाळ्यात इडलीचं पीठ फुगत नाही तेव्हा आपण काय करतो? भांडं गोधडीत गुंडाळून ठेवतो. तसंच. जुन्या खोक्यात तुरीचं कुटार दाबून भरा, मधोमध बादली बसवा, वरून गोणपाट. खाद्य भिजवताना पाणी कोमट घ्या, बोट सुखानं बुडेल इतकंच. आणि आधीच्या खेपेचं वाटीभर आंबट पाणी विरजण म्हणून घाला. मी पाच वर्षं असंच करते, शून्य रुपये. झाकण घट्ट लावू नका मात्र. मी एकदा लावलं होतं, वायू धरला आणि झाकण उडून अख्खी भिंत माखली.

जुना_गडी
आंबवलं म्हंजे सडवलंच ना? आमच्या घरी शंभर कोंबड्या होत्या, कोणी बादल्या भरल्या नाही. उकिरडा उकरायच्या, सांजच्याला मूठभर ज्वारी, बस. आता लेयर मॅश पाहिजे, गिरिराज पाहिजे, मंग त्यायचे नखरे पण पाहिजेत. कळमन्यात कनकीचा भाव पाह्यला का यंदा?

हिंगण्याची_ताई
काका, अंबील पिता ना उन्हाळ्यात? ते सडवलेलं असतं का? तेच जंतू, तोच आंबटपणा. आंबट झालं की सडवणारे जंतू त्यात टिकत नाहीत, म्हणून तर करायचं.

गोधनी_फार्म
काकांचं अगदीच चूक नाही. गेल्या जानेवारीत मी आंबवण सात दिवस ठेवलं. पाणी आटून दाणे वर उघडे पडले होते. वर केसाळ हिरवट थर आला. मी वरचा थर काढला आणि खालचं दिलं. दोन तलंगा (तरुण कोंबड्या) गेल्या. आजही वाईट वाटतं. तेव्हापासून नियम एकच, पाणी दाण्यांच्या वर दोन-तीन बोटं राहिलंच पाहिजे, रोज ढवळायचं, आणि केसाळ बुरशी दिसली की पूर्ण बादली फेकायची. वर पांढरी, पातळ, सायीसारखी पापडी आली तर ती वेगळी, ती काढून टाकली की चालतं. आणखी एक, अॅल्युमिनियमचं पातेलं वापरू नका. आंबटानं माझ्या पातेल्याला खड्डे पडले.

वाडी_नाका
वर ताईंनी सांगितलं तेच, कोमट पाणी आणि विरजण. मी तर बल्ब लावला होता बादलीवर, ताडपत्रीच्या आत. ताडपत्री वितळून बल्बला चिकटली, धूर झाला, बरं की दिवसा झालं. खुराड्यातही उघडा बल्ब कुटाराजवळ लावू नका, हात जोडून सांगतो. बाकी सरकी ढेप घाला, ऊब देते, स्वस्त पडते.

निवृत्त_पशुधन
सरकी ढेप अंड्यावरच्या कोंबडीला मुळीच घालू नये. त्यातल्या गॉसिपॉल या द्रव्यानं, अंडी साठवून ठेवली की बलक हिरवट-तपकिरी पडतो. सोयाबीन ढेप घाला.

आता मूळ प्रश्न. ताई, तुमची अंडी आंबवणामुळे कमी झाली नाहीत. भर अंड्यांसाठी कोंबडीला साधारण १४ तास उजेड लागतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा. त्यात काहींची पिसं झडत असतील तर अंडी बंदच होतात, कारण प्रथिनं पिसांकडे जातात. खाद्य कसंही द्या, हे व्हायचंच. उजेड वाढवायचा तर पहाटे दोन-तीन तास छोटा एलईडी पुरतो.

दुसरं म्हणजे लेयर मॅशमध्ये चुनखडी भरपूर असते. आंबवताना तयार होणारं आम्ल ती खाऊन टाकते, म्हणून मिश्रण आंबट व्हायला फार वेळ लागतो. उन्हाळ्यात जंतू इतके जोरात असतात की कळत नाही, थंडीत कळतं. मॅश बादलीत घालू नका, कोरडंच द्या. बादलीत मका, कनकी, ज्वारी. शिंपल्यांची पूड वेगळ्या वाटीत. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरा, क्लोरीन निघून जातं.

कामठीरोड_शेड
मी मॅशच आंबवतो, मस्त होतं. पट्टा असल्यावर काही अडत नाही.

वर्धारोड_गच्ची
तुम्ही लोक आंबवणात अडकलात, गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्राचं विसरलात का? २०२४ च्या डिसेंबरात तिथे तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेले. हिवाळ्यात बाहेरचे पक्षी येतात, खाद्य उघड्यावर ठेवू नका. मी तर गच्चीला पूर्ण जाळी मारली, ११,००० गेले पण झोप लागते. रानीखेतची (मानमोडीची) लस झाली का तुमची?

मागचं_अंगण
लस झाली आहे, लासोटा, नोव्हेंबरात. जाळी मागच्या बाजूनं आहे.

जुना_गडी
११,००० ची जाळी! तेवढ्यात शेळी येते.

निवृत्त_पशुधन
जाळीचा मुद्दा बरोबर आहे, त्यावर भांडू नका. ओलं खाद्य सकाळीच द्यावं, दुपारपर्यंत संपेल इतकंच. उरलेलं रात्री राहिलं तर उंदीर येतात. संध्याकाळी अख्खा मका किंवा ज्वारी. गळा भरून बसली की कोंबडी रात्रभर उबेत राहते. खुराड्याला उत्तरेकडून गोणपाट लावा, पण वरची फट बुजवू नका, विष्ठेचा उग्र वास आत कोंडला तर श्वासाचे आजार लागतात.

गोधनी_फार्म
२९ डिसेंबर २०१८ ला नागपूर ३.५ अंशांवर गेलं होतं. त्या रात्रीही माझा एक पक्षी दगावला नाही, फक्त गोणपाट आणि कोरडं तूस होतं. थंडीला पक्षी घाबरत नाही, ओलीला घाबरतो.

मागचं_अंगण, १६ डिसेंबर
सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. ठरवलं ते सांगते. पट्टा नाही, बल्ब नाही, कुटाराचं खोकंही नाही, कारण आमच्याकडे मागे उंदीर आहेत आणि कुटार म्हणजे त्यांना आयतं घर. ऊब देणारच नाही. थंडीत चार दिवस लागतात तर चार दिवस लागू देत. झाकणाच्या दोन प्लास्टिक बादल्या घेतल्या, १४० प्रमाणे २८०. एकातलं चार दिवस खायला, दुसरी तोवर आंबते. सकाळी अर्धं खाद्य आंबवलेलं, बाकी मॅश कोरडं, सांजेला ज्वारी. मॅश बादलीतून काढलं, याबद्दल निवृत्त_पशुधन यांचे मनापासून आभार. हेच मला कुणी आधी सांगायला हवं होतं. अंड्यांसाठी उजेडही लावणार नाही. वर्षभर अंडी घातली त्यांनी, दोन महिने थांबल्या तर थांबू देत.

हिंगण्याची_ताई
विरजण तरी घाला हो.

मागचं_अंगण, २१ डिसेंबर
घातलं होतं, वाटीभर. काल चौथ्या दिवशी बुडबुडे आले, वास स्वच्छ ताकाचा. आज सकाळी ताटलीभर दिलं, गिरिराजनी गावरानांना जवळ येऊ दिलं नाही. आता दोन ताटल्या लावते. अंडी ३ च.

कामठीरोड_शेड
पट्टा घेतला असता तर दोन दिवसांत झालं असतं.