‘बंड’, ‘उठाव’ की ‘क्रांती’? आणि ‘वतन’ म्हणजे नेमकं काय?

विचारणा:

उमाजी नाईकांच्या काळातल्या पुरंदर-भोर पट्ट्यावर कादंबरी लिहिते आहे. नायक काल्पनिक आहे, रामोशी, गडाच्या राखणीवरून काढून टाकलेला. पहिल्या खर्ड्यात मी सगळीकडे ‘क्रांती’ वापरलं. वडिलांनी वाचून ‘बंड’ सुचवलं. मला तो कलेक्टर कचेरीतला हिणवणारा शब्द वाटतो. ‘उठाव’ बरा आहे, पण कोरडा. माझी माणसं इंग्रजांना ‘फिरंगी’ म्हणतात आणि एक म्हातारा ‘वतनासाठी जीव देऊ’ असं म्हणतो. हे त्या काळाला धरून आहे का?

उत्तर:

ताई, ‘क्रांती’ आधी काढा. 1831 साली हा शब्द पंचांगवाल्यांचा होता. क्रांतिवृत्त, संक्रांत, म्हणजे ओलांडणं, पुढच्या राशीत जाणं. राज्य उलथवण्याचा अर्थ त्याला पुढे चिकटला. निवेदक आजचा असेल तर तो वापरू शकेल, पण डोंगरात लपलेल्या रामोश्याच्या तोंडी तो आला की वाचक थेट शाळेच्या पुस्तकात जाऊन पडतो.

‘बंड’बद्दल मात्र वडिलांच्या बाजूने बोलतो. हा शब्द इंग्रजांनी आणलेला नाही. रामदासांच्या ‘आनंदवनभुवनी’त ‘बंड पाषांड’ अशी जोडी येते, तीही वाईट अर्थानेच. तेव्हा तुम्हाला जी हिणवणी जाणवते ती खरी आहे, पण ती गोऱ्यांची नव्हे, गादीवर जो बसला असेल त्याची आहे. ‘पुंड’ शब्दाचंही तेच. सभासदाने लिहिलेल्या शिवरायांच्या बखरीत मावळातल्या न जुमानणाऱ्या देशमुखांना पुंड म्हटलं आहे, आणि तिथे बाजू स्वराज्याची आहे. सत्ता बदलली की पुंड कोण हे बदलतं, शब्द तोच राहतो.

गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ 1907 साली छापला गेला तो ‘1857 सालच्या बंडाची हकीकत’ म्हणून. भटजी झाशीच्या राणीबद्दल किती जिव्हाळ्याने लिहितात हे वाचलेल्याला सांगायला नको, तरी शब्द ‘बंड’च. दोनच वर्षांनी, 1909 साली, सावरकरांच्या पुस्तकाने त्याच घटनेला ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटलं. तिथून आपल्याला ‘बंड’ खटकू लागला असं माझं मत आहे. हिंदीतल्या ‘गदर’चं तर आणखी विलक्षण आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ विश्वासघात; ‘गद्दार’ त्याच धातूतून आलेला. तरी 1913 साली परदेशातल्या भारतीय क्रांतिकारकांनी तोच शब्द आपल्या वृत्तपत्राच्या माथ्यावर मानाने छापला.

मग तुमच्या नायकाने काय म्हणावं? माझ्या मते काहीच नाव देऊ नये. नाम वापरतो तो कारकून, मामलेदार, कप्तान. त्यांच्या कागदात ‘बंड’, ‘पुंडावा’, ‘दरोडा’ खुशाल येऊ द्या. जो स्वतः त्यात आहे तो क्रियापदात बोलतो. ‘नाईक उठलेत.’ ‘धाकटा रानात गेला.’ ‘उठाव’ तुम्हाला कोरडा वाटतो कारण त्यातलं उठणं आपण विसरलो आहोत. आता तो बाजारात मालालाही असतो. क्रियापदात तो लगेच जिवंत होतो.

एक शब्द मात्र सोडू नका: जाहीरनामा. फेब्रुवारी 1818 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या एल्फिन्स्टनने साताऱ्यात जाहीरनामा काढून पेशव्यांचं राज्य संपल्याचं सांगितलं. बरोबर तेरा वर्षांनी, फेब्रुवारी 1831 मध्ये, उमाजी नाईकांनी इंग्रजांविरुद्ध जाहीरनामा काढला. दरोडेखोर धमकीची चिठ्ठी पाठवतो, जाहीरनामा काढतं ते सरकार. कंपनीला त्यातली जरब कळली असणार. 3 फेब्रुवारी 1832 ला पुण्यात नाईकांना फाशी दिलं. तुमच्या कादंबरीत कुणीतरी हा कागद पारावर मोठ्याने वाचून दाखवावा आणि अक्षर न येणाऱ्या माणसांनी तो ऐकावा, असं मला मनापासून वाटतं.

‘फिरंगी’ बदला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात ‘फिरंगी व इंग्रज व वलंदेज व फरासिस व डिंगमार’ अशी वेगवेगळी नावं आहेत: पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच, डेन्मार्कचे. सगळ्यांना मिळून ‘टोपीकर’. मराठीत फिरंगी म्हणजे मुख्यतः पोर्तुगीज. इंग्रजाला फिरंगी म्हणायची सवय आपल्याला हिंदी चित्रपटांनी लावली. पुरंदरखालच्या माणसाला ‘टोपीकर’, ‘गोरा’, ‘साहेब’ आणि सरकारला ‘कुंपणी’ शोभेल. कंपनीचं कुंपणी झालं यात कानाची चूक असेल, पण शेतकऱ्याच्या जिभेवर तो शब्द किती चपखल बसला ते पाहा.

आता ‘वतन’. तुमच्या म्हाताऱ्याचं वाक्य ठेवा, अर्थ बदला. उर्दू-हिंदीत वतन म्हणजे मायभूमी. मराठीत वतन म्हणजे पिढीजात हक्क: पाटलाचं, कुलकर्ण्याचं, महाराचं, रामोश्याचं. राखणीचं काम आणि त्याबद्दल मिळणारी जमीन वा धान्य. कोल्हापुरात 1844 साली सामानगड-भुदरगडाचे गडकरी उठले तेही पिढ्यान्‌पिढ्यांची गडाची चाकरी आणि तिच्याबद्दलच्या जमिनी जाताहेत म्हणून. म्हातारा ‘वतनासाठी जीव देऊ’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे भारताचा नकाशा नाही, गडाच्या पायथ्याचा एक तुकडा आहे. त्याने त्याचं मोल तसूभरही कमी होत नाही. ‘देश’ शब्दालाही जपा. तेव्हा तो घाटावरचा मुलूख, ‘देशावर’ जायचा.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा 1831 सालीच छापला गेला, जाहीरनाम्याच्याच वर्षी. लिहिताना तो उशाशी ठेवा.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्याहून एका वाचकाची पुरवणी:

गोव्यात ‘बंड’ कुणालाही हिणवणारा वाटत नाही. दीपाजी राण्यांनी 1852 साली नाणूसचा किल्ला घेतला, 1895 मध्ये मोझांबिकला जायला नकार देणाऱ्या मराठा शिपायांना दादा राण्यांची साथ मिळाली. दोन्ही पोर्तुगिजांविरुद्ध, दोन्ही आमच्याकडे ‘राण्यांची बंडं’च. 1787 चं पिंटोंचं, तेही बंड. आजोबा हा शब्द उच्चारताना ताठ बसत. पोर्तुगिजाला मात्र घरात फिरंगी कमी, ‘पाखलो’ जास्त.

विचारणा करणारी:

काल रात्री वाक्यं बदलली. ‘त्याने क्रांतीत उडी घेतली’ होतं, तिथे आता आई शेजारणीला सांगते, ‘तो उठला. भाकरी बांधून दिली मी.’ मामलेदाराच्या रोजकीर्दीत त्याच दिवशी ‘एक इसम बंडात सामील’. म्हाताऱ्याचं वतन तसंच ठेवलं आहे, फक्त बोलताना त्याचा हात आता गडाखालच्या पड जमिनीकडे जातो.