मदत हवी आहे: ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या दोन चाचण्यांचा मेळ कसा घालायचा?

मंडळी, सर्जरी रेसिडेंट आहे. जर्नल क्लबसाठी (शोधनिबंधांवरची चर्चा) विषय घेतलाय अपघातातल्या रक्तस्रावात ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे रक्ताची गुठळी विरघळू न देता रक्तस्राव कमी करणारं औषध, आणि एका जागी अडकलोय.

२०१० च्या क्रॅश-२ चाचणीत २० हजारांवर रुग्ण होते; काहींना हे औषध, काहींना प्लेसिबो (औषध नसलेला डोस). एकूण मृत्यू प्लेसिबो गटात १६ टक्के, तर औषधाच्या गटात १४.५ टक्के. पण अपघातानंतर तीन तास उलटून औषध दिलेल्यांत रक्तस्रावाने मृत्यू उलट वाढले: ३.१ ऐवजी ४.४ टक्के. म्हणजे जितकं लवकर तितकं बरं, इथवर समजलं.

मग २०२३ ची पॅच-ट्रॉमा ही दुसरी चाचणी वाचली. रुग्णालयात पोहोचण्याआधीच पहिला १ ग्रॅम, नंतर आठ तासांत आणखी १ ग्रॅम. तरी सहा महिन्यांनी चांगल्या स्थितीत जगलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच, ५३.७ आणि ५३.५ टक्के. २८ दिवसांतले मृत्यू मात्र औषधाच्या गटात कमी, १७.३ विरुद्ध २१.८.

मग वाचलेले जास्तीचे रुग्ण गंभीर अपंगत्व घेऊन जगले, असं म्हणायचं का? मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो, कारण मृत्यू हा दुय्यम निकष होता, चाचणीचा मुख्य निकष नव्हता. शिवाय पॅच प्रगत ट्रॉमा यंत्रणेत झाली. डोक्याला मार लागलेले रुग्ण वेगळे काढून बघावेत का? ट्रॉमात काम करणाऱ्यांनी किंवा सांख्यिकी जाणणाऱ्यांनी कृपया सांगा.