मदत हवी आहे : मुलगी रात्री साडेदहापर्यंत जागते

निशाचर_आई
गेले तीन आठवडे आमच्या मुलीच्या झोपेचे वेळापत्रक पार कोलमडले आहे. साडेआठला दिवा मालवला की दहा मिनिटांत झोपणारी मुलगी आता साडेदहापर्यंत गादीवर उड्या मारते, आणि ज्या चित्रांच्या पुस्तकाशिवाय तिला झोप येत नसे, ते तिने पलंगाखाली ढकलून दिले आहे. सध्या तिला फक्त वॉशिंग मशीनसमोर बसून आत गरगरणारे मोजे पाहायचे असतात; मशीन बंद असले तरी काचेला गाल लावून ती वाट पाहत राहते. दूध, अंघोळ, अंगाई सर्व करून झाले आहे, तेव्हा कृपया तेच सुचवू नये. शनिवार-रविवारी मात्र ती वेळेवर झोपते, म्हणजे हा निव्वळ हट्टच म्हणायचा. उपाय लवकर हवा आहे.

कोरा_चहा
मुलीचे वय लिहायचे राहिले आहे. एक वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाला एकच उत्तर लागू पडत नाही. सकाळी किती वाजता उठते आणि दुपारी किती वेळ झोपते, हेही कळवावे.

निशाचर_आई
सव्वादोन वर्षे. सकाळी सातला उठवावी लागते. दुपारी झोपते, त्याची काही अडचण नाही.

पडदेवाला
खोलीला जाड, गडद पडदे लावा. आमच्या मुलाच्या बाबतीत दुसऱ्याच दिवशी फरक पडला.

कोरा_चहा
रात्री साडेदहाला बाहेर अंधारच असतो, पडदेवाला.

आजोबा_क्रमांक_१
आमच्या काळी मुलांना झोपेचे वेळापत्रक नव्हते. थकले की जिथे असतील तिथे झोपत. हे घड्याळ लावून वाढवणे मला मुळातच पटत नाही.

दोन_पिल्ले
आजोबा, सकाळी आठला घराबाहेर पडणाऱ्या आईवडिलांना घड्याळ लावावेच लागते. माझ्या मते दाढा येत असाव्यात. दुधाच्या दातांमधल्या मागच्या दाढा साधारण २३ ते ३३ महिन्यांच्या दरम्यान येतात आणि त्या वयात माझी दोन्ही मुले रात्री रडत असत.

निशाचर_आई
ती रडत नाही. मजेत असते, हेच तर दुखणे आहे.

सावध_बाबा
झोपेबद्दल मला सांगता येणार नाही, परंतु मशीनचे दार कायम बंद ठेवावे आणि त्याला मुलांपासून सुरक्षिततेचे कुलूप असल्यास ते लावावे. लहान मुले आत शिरतात. कपडे धुण्याची पावडरही उंचावर ठेवावी.

कोरा_चहा
पुन्हा विचारतो, दुपारी किती वाजेपर्यंत झोपते? आणि तीन आठवड्यांपूर्वी नक्की काय बदलले?

निशाचर_आई
पाळणाघर सुरू झाले, पण तिथे ती रमली आहे. तिथे दीड ते साडेचार झोपते असे ताई म्हणाल्या. घरी असली की जेमतेम दीड तास, अडीचला उठते.

कोरा_चहा
मग हट्ट कसला? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १ ते २ वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह दिवसाला ११ ते १४ तास आणि ३ ते ४ वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास झोप सांगितली आहे. तुमची मुलगी रात्री साडेआठ तास आणि दुपारी तीन तास, म्हणजे एकूण साडेअकरा तास झोपते आहे. झोप कमी नाही, ती दुपारकडे सरकली आहे. साडेचारला उठलेल्या मुलाला साडेआठला पेंग यायला पुरेसा थकवाच साठलेला नसतो. पाळणाघरात तिला तीनच्या सुमारास उठवायला सांगा. दुपारची झोप पूर्ण बंद मात्र करू नका, ते वय अजून आलेले नाही.

आजोबा_क्रमांक_१
झोपलेल्या मुलाला उठवणे हे पाप आहे.

दोन_पिल्ले
आजोबा, रात्री साडेदहाला गादीवरच्या उड्या मोजायला तुम्ही येणार का?

निशाचर_आई
पाळणाघरात आधी कुरकुर झाली, कारण एक मूल उठले की बाकीची उठतात. शेवटी तीनला तिला दुसऱ्या खोलीत नेण्याचे ठरले. आज चौथा दिवस आहे. संध्याकाळी सहाच्या सुमारास ती चिडचिड करते, परंतु काल नऊ वाजून दहा मिनिटांनी झोपली. पुस्तक अजून पलंगाखालीच आहे, आणि तिच्या मुठीत एक ओला मोजा होता.